फ्रँकलिनचे मूळ गाव

शाळेच्या पुस्तकातील पतंगामुळे बेंजामिन फ्रँकलिन आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या चरित्रातील एक लहानसा प्रवास मात्र क्वचितच सांगितला जातो. दूरदेशी बिऱ्हाड थाटलेल्या आपल्या मंडळींना तो जवळचा वाटेल, म्हणून येथे देत आहोत.

फ्रँकलिन 1706 साली बोस्टन येथे जन्मला. वडील जोसाया 1683 च्या सुमारास इंग्लंड सोडून तेथे आले होते आणि साबण व मेणबत्त्या करून त्यांनी मोठा प्रपंच चालविला. मुद्रक म्हणून नावारूपास आलेला हा मुलगा 1757 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातर्फे रदबदली करण्यास लंडनला गेला. पुढल्या वर्षी, 1758 च्या उन्हाळ्यात, मुलगा विल्यम आणि गुलाम पीटर यांना घेऊन तो नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील एक्टन या वडिलांच्या जन्मगावी निघाला.

वाटेत वेलिंगबरो येथे मेरी फिशर ही अतिवृद्ध चुलतबहीण भेटली. जोसायाने देश सोडला तो प्रसंग तिला आठवत होता. एक्टनचे घर तिच्याच वाट्याला आले होते. पण भाडे नीट वसूल होईना, तेव्हा तिच्या यजमानांनी ते विकून टाकले. जमीन दुसऱ्या शेतात मिसळून गेली होती आणि त्या जीर्ण दगडी घरात शाळा भरत होती. तरी गावकरी त्यास फ्रँकलिनांचे घर असेच म्हणत. सुमारे 30 एकर जमीन आणि लोहाराचा भाता यांवर हे कुळ निदान 300 वर्षे तेथे नांदले होते.

गावच्या धर्मगुरूने दोनशे वर्षांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची वही पुढे ठेवली. कुलवृत्तांतासाठी ज्यांनी गावोगाव पत्रे धाडली आहेत, त्यांना त्या क्षणाचा आनंद सांगावयास नको. धर्मगुरूची पत्नी मोठी बोलकी. मेरीचे वडील टॉमस यांनी वर्गणी जमवून चर्चच्या मनोऱ्यात घंटा बसविल्या आणि नदीच्या पुरापासून गावची कुरणे वाचविण्याची युक्ती काढली, हे तिने सांगितले. त्या घंटांचा नाद पाहुण्यांनी ऐकला. टॉमसकाका वारले त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेस, बेंजामिन जन्मला होता. दोघांच्या स्वभावातील साम्य पाहून विल्यमला पुनर्जन्माची कल्पना सुचली. आपल्याकडे तर आजीबाईंनी काकाच परत आले असे केव्हाच ठरवून टाकले असते!

थडग्यांवरील अक्षरे शेवाळाने झाकली होती. बाईंनी कुंचा व पाणी मागविले. पीटरने दगड घासले आणि विल्यमने लेख उतरवून घेतले.

येथे आम्ही थबकतो. धन्याच्या पूर्वजांची नावे उजळणाऱ्या पीटरला स्वतःच्या आजोबा-पणजोबांची नावे कोणत्या वहीत सापडणार होती? पत्नीला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिनने पीटरचे हे काम नमूद केले. पण हा प्रश्न त्याच्या मनास शिवल्याचे त्यात दिसत नाही. गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले ते 1787 मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी.

1771 मध्ये त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले ते विल्यमला उद्देशून, याच प्रवासाची आठवण देत. पुढे स्वातंत्र्ययुद्धात बाप वसाहतींच्या पक्षास राहिला, तर मुलगा राजाच्या. 1785 मध्ये साउदॅम्प्टन बंदरात त्यांची अखेरची भेट झाली, तीही देण्याघेण्याच्या कागदांपुरती. पूर्वजांचे लेख उतरवून घेणारा विल्यम इंग्लंडातच राहिला आणि 1813 मध्ये लंडन येथे वारला.