कल्याणच्या आनंदीबाई

आम्हां उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बायकांची गाडी नेहमी कल्याणवरून जाते; पण ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कै. डॉ. आनंदीबाई जोशी याच गावच्या, हे मला फार उशिरा कळले.

माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. त्या काळी पुरुष डॉक्टरापुढे बोलण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढीत. १८८३ साली, पतीला मागे ठेवून, आनंदीबाई आगबोटीने अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकू लागल्या.

मला अप्रूप वाटते ते त्यांच्या प्रबंधाचे. विद्या सगळी पाश्चात्त्य. पण विषय घेतला हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा! गर्भिणी, बाळंतीण, तान्हे मूल यांविषयी आपल्या जुन्या ग्रंथांतले ज्ञान त्यांनी तेथील अध्यापकांपुढे मांडले. आपल्याकडे काहीच नव्हते, असे त्यांनी मानले नाही; आणि आहे तेवढे पुरे, असेही नाही. नाहीतर सातासमुद्रापार कशाला जात्या?

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यास वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापुरास त्या रुजू होऊच शकल्या नाहीत.