विश्लेषण : सायकलच्या ब्रेकमधील बुडबुडा आणि ब्लेझ पास्कल... जुना नियम आजही कसा लागू?

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकली आता मध्यम किमतीतही मिळतात. त्यांच्याबाबत एक तक्रार नेहमीची असते. काही महिन्यांनी ब्रेकचा लिव्हर मऊ लागू लागतो, थेट हँडलला टेकतो आणि सायकल मात्र हवी तिथे थांबत नाही. घाट उतरताना हे जिवावर बेतू शकते. ब्रेक पॅड झिजलेले नसतील, तर बहुधा तेलात हवा शिरलेली असते. ती घरी, थोडक्या खर्चात काढता येते. पण एवढासा बुडबुडा अख्खा ब्रेक निकामी का करतो? याचे उत्तर फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांच्या कामात सापडते. त्यांच्या काळात सायकल जन्मालाही आली नव्हती.

पास्कल कोण होते?

त्यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. तीन वर्षांचे असताना आई गेली. वडील एतिएन करखात्यातील अधिकारी आणि स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून गणित मुद्दाम लांब ठेवले. मुलाने चोरून, जमिनीवर आकृत्या काढत, भूमिती स्वतःच शोधायला सुरुवात केली, असे थोरली बहीण गिल्बर्ट हिने लिहिलेल्या चरित्रात आहे. बहिणीच्या कौतुकाचा भाग सोडला, तरी सोळाव्या वर्षी त्यांनी शंकुच्छेदांवर लिहिलेला निबंध छापला गेला, हे खरेच आहे.

वडिलांची नेमणूक रुआँ शहरात झाली. तेथे कराच्या आकडेमोडीत त्यांच्या रात्री जात. ते पाहून १९ वर्षांच्या ब्लेझने १६४२ मध्ये दातेरी चाकांचे गणनयंत्र करायला घेतले. त्यासाठी सुमारे ५० नमुने केले, १६४९ मध्ये राजाकडून उत्पादनाचा हक्कही मिळवला. यंत्र चालले, पण फार महाग असल्याने खपले नाही.

हवेचा अभ्यास कसा सुरू झाला?

एक टोक बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, की पारा ठरावीक उंचीवर थांबतो आणि वर पोकळी राहते. इटलीतील तॉरिचेल्ली यांचा हा प्रयोग १६४६ मध्ये रुआँला पोहोचला. त्या पोकळीत काय आहे, यावर विद्वानांत वाद पेटला. निसर्ग पोकळी राहूच देत नाही, असे तेव्हा मानले जाई. पास्कल यांनी ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या करवून पाणी आणि तांबडी वाइन वापरून प्रयोग लोकांसमोर करून दाखवला.

पारा हवेच्या वजनाने तोलला जात असेल, तर डोंगरावर हवा कमी आणि पाराही खाली हवा. पास्कल स्वतः आजारी असत. त्यांनी हे काम गिल्बर्टचे पती फ्लोरँ पेरिए यांच्यावर सोपवले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए क्लेरमाँजवळच्या पुई द डोम डोंगरावर चढले. माथ्यावर पारा तब्बल तीन इंचांनी उतरला होता. खाली मठात दुसरी नळी उभी होती आणि एक साधू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. तेथे पारा जागचा हलला नाही.

पास्कलचा नियम ब्रेकमध्ये कसा चालतो?

पुढे १६५४ च्या सुमारास त्यांनी द्रवांच्या समतोलावर ग्रंथ लिहिला. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्यात मांडले. त्यांचे उदाहरण असे : पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन दट्टे आहेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठा. लहान दट्टा दाबणारा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर जणांची बरोबरी करतो. (फुटणाऱ्या पिंपाचे पाठ्यपुस्तकी चित्र मात्र त्यांच्या उपलब्ध लिखाणात सापडत नाही. पाण्याखाली २० फुटांवर माणूस बसवण्याचे त्यांचे वर्णन वाचून रॉबर्ट बॉइल यांनाही शंका आली होती, की हे खरोखर करून पाहिले की नुसते कल्पिले?)

यातली दुसरी बाजू ब्रेकसाठी जास्त महत्त्वाची आहे. जोर शंभरपट मिळाला, तर सरकणे शंभरपट कमी होते, हेही पास्कल यांनी नोंदवले. सायकलच्या लिव्हरमधील दट्टा लहान, कॅलिपरमधील मोठे. त्यामुळे पॅड अगदी थोडेच सरकतात. तेल जवळजवळ दबत नाही, हवा सहज दबते. मुळात सरकणेच इतके कमी असल्याने बोटांची सारी हालचाल त्या बुडबुड्याला दाबण्यातच संपते.

ग्रंथाचे पुढे काय झाले?

तो पडून राहिला. त्याच १६५४ मध्ये जुगाराच्या डावांवरून फर्मा यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. २३ नोव्हेंबरच्या रात्री मात्र त्यांना उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याची टिपणे कोटाच्या अस्तरात शिवलेली निघाली, तीही मृत्यूनंतर. पुढची वर्षे मुख्यतः धर्मचिंतनात गेली. अखेरच्या वर्षी, मार्च १६६२ मध्ये, पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर पाच सू भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. ही सार्वजनिक वाहतूक पास्कल यांच्या कल्पनेतली. पण न्यायसभेने सैनिक, नोकरचाकर आणि मजुरांना त्यात मज्जाव केला, म्हणजे स्वस्त गाडी गरजूंनाच बंद. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. द्रवांवरचा आणि हवेच्या वजनावरचा असे दोन्ही ग्रंथ १६६३ मध्ये एकत्रच छापले गेले.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये याच नियमावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. १९२१ पासून ड्यूसेनबर्ग मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक बसू लागले. सायकलीपर्यंत ते बऱ्याच उशिरा आले.

घरी हवा कशी काढावी?

बचत सिरिंज आणि पारदर्शक नळीवर करावी, तेलावर नको. औषधाच्या दुकानातील सिरिंज (सुई काढून) चालते. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागते, तर स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकना डॉट द्रव. अदलाबदल झाली तर रबरी सील खराब होतात. लिव्हर किंवा कॅलिपरवर काय छापले आहे ते आधी पाहावे.

मिनरल ऑइलच्या साध्या ब्रेकमध्ये चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा ठोकळा अडकवावा, लिव्हर आडवा करून त्याच्या छिद्रात आट्याचा लहान फनेल बसवावा. तेल खालून, कॅलिपरकडून, सिरिंजने हळूहळू वर ढकलावे. बुडबुडे आपसूक वर चढतात, म्हणून दिशा हीच. नळीवर टिचक्या मारत राहाव्यात. बुडबुडे थांबले की आधी खालचा निपल बंद करावा, मग लिव्हर काही वेळा दाबून उरलेली हवा फनेलमधून जाऊ द्यावी आणि वरचा स्क्रू लावावा. सांडलेले तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पॅडला तेल लागले, तर ते बहुधा बदलावेच लागतात. सगळे पुन्हा बसवल्यावर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरावा. तो हळूहळू आत जात असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि सायकल मेकॅनिककडे न्यावी. लिव्हर टणक राहिला, तरी पहिली फेरी सपाट रस्त्यावरच मारावी.