सागरतळाचा पांथस्थ : झाक कुस्तो

डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले म्हणजे समुद्र दूरवर मागे सरलेला दिसतो. आणि भरती आली तरी पाणी इतके गढूळ असते की, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मनुष्यास स्वतःची पावलेही दिसत नाहीत. चिंचणीस जा, बोर्डीस जा, अथवा तलासरी तालुक्यातील झाईस जा. बहुधा हाच अनुभव येतो. मच्छीमारांच्या घरची आमची मुले समुद्राचे अंतरंग ओळखतात ते जाळ्यात आलेल्या पापलेट, बोंबील व घोळ यांवरून. आणि तलासरीकडील पाड्यांतून येणाऱ्या मुलांस तर समुद्राचे दर्शनच क्वचित घडते. त्यामुळे वरचे पाणी आणि बाजारातील मासळी, एवढीच समुद्राची कल्पना आपल्या मनात राहून जाते.

अलीकडे मात्र आपल्याकडील काही मंडळी सुट्टीत मालवणजवळील तारकर्लीस जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाच-दहा जणांच्या समूहाने पाण्याखाली उतरतात, आणि तेथील प्रवाळ व रंगीबेरंगी मासे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून येतात. त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकताना मुले तहानभूक विसरतात. परंतु हे साधन मनुष्यास कोणी मिळवून दिले, आणि ज्याने ते दिले त्यालाच त्याचा योग्य उपयोग शिकण्यास किती वर्षे लागली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून फ्रान्समधील सुप्रसिद्ध सागरसंशोधक झाक कुस्तो यांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सादर करीत आहो.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील सां-आंद्रे-द-क्युब्झाक या लहानशा गावी झाला. मुलगा प्रकृतीने नाजूक होता. वडिलांच्या नोकरीनिमित्त तो लहानपणी काही काळ अमेरिकेत राहिला. तेथे एका उन्हाळी शिबिरात शिक्षकाने त्यास तलावाच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढण्याचे काम शिक्षा म्हणून दिले. शिक्षा राहिली बाजूला, आणि श्वास रोखून पाण्याखाली राहण्याची विद्या मात्र त्यास साधली! अभ्यासात त्याचे मन रमत नसे. पुढे शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल त्यास शाळेतून काढून टाकण्यात आले व कडक शिस्तीच्या दुसऱ्या शाळेत घालण्यात आले. तेथे हा मुलगा सुधारला, आणि १९३० साली ब्रेस्ट येथील नाविक विद्यालयात त्याचा प्रवेश झाला. आज ज्या मुलाकडे पाहून आईबाप निराश होतात, तो उद्या काय होईल हे कोणी सांगावे?

कुस्तो यांना नौदलात वैमानिक व्हावयाचे होते. परंतु १९३६ साली मोटारीच्या भीषण अपघातात त्यांचे दोन्ही हात जायबंदी झाले व विमानविद्येची आशा मावळली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँ बंदरानजीक समुद्रात पोहू लागले. तेथे फिलिप ताय्ये या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्यात घालावयाचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी मस्तक पाण्यात घातले मात्र, आणि खडक, वनस्पती व मासे यांनी गजबजलेले एक नवीनच जग त्यांच्या दृष्टीस पडले. त्या क्षणापासून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ताय्ये, फ्रेडरिक द्युमा आणि कुस्तो या त्रिकुटाने पुढील सारा काळ पाण्याखाली अधिकाधिक वेळ कसे राहता येईल, या एकाच चिंतेत घालविला.

त्या काळी पाणबुड्या मनुष्य धातूचे जड शिरस्त्राण घालून उतरे, व वरील नावेतून नळीवाटे त्यास हवा पुरवीत असत. दोरीने बांधलेल्या गुराप्रमाणे त्याचा संचार नळीच्या लांबीपुरताच असे. हवा पाठीवर घेऊन जावी म्हटले, तर दुसरी अडचण उभी राहते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. आणि फुप्फुसात जाणारी हवा बाहेरील दाबाइतक्याच दाबाची नसेल, तर मनुष्यास श्वास घेता येत नाही. १९४२ च्या अखेरीस पॅरिस येथे एमिल गान्यां या यंत्रज्ञाशी कुस्तो यांची गाठ पडली. महायुद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, आणि मोटारी गॅसवर चालविता याव्यात म्हणून गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. तीच झडप, श्वास घेताच हवी तेवढी हवा योग्य दाबाने देणारी, अशी करता येईल हे दोघांच्या ध्यानी आले.

१९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली परीक्षा झाली. कुस्तो उभे राहिले म्हणजे हवा व्यर्थ वाहून जाई, आणि डोके खाली केले म्हणजे श्वास कोंडे. निराश न होता दोघांनी कारण शोधले. हवा बाहेर टाकण्याचे तोंड व झडप यांची पातळी एक नव्हती, एवढाच तो दोष होता. तो दूर होताच यंत्र साधले, व त्याच वर्षी जून महिन्यात कुस्तो भूमध्य समुद्रात नळीवाचून, दोरीवाचून माशाप्रमाणे मुक्तपणे संचार करते झाले.

हे स्वातंत्र्य फुकट मिळाले नाही. १९४६ साली एका खोल झऱ्यात उतरले असता कुस्तो व द्युमा गुंगी येऊन मरणाच्या दारी पोहोचले. टाक्या भरणाऱ्या यंत्राचा विषारी धूर त्यांच्याच हवेत मिसळला होता. वर दोरी धरून बसलेल्या मोरिस फार्ग यांनी त्यांस ओढून काढले. परंतु दैवाची गती पाहा! पुढील वर्षी किती खोल जाता येते हे पाहण्यासाठी फार्ग सुमारे १२० मीटरपर्यंत उतरले, आणि ते जिवंत परत आले नाहीत. आज नवशिक्यास जे नियम घालून देतात, त्यांमागे अशी मोलाची किंमत आहे. वर येताना श्वास रोखू नये, हा त्यांतील पहिला नियम. कारण दहा मीटरांवरून वर येईपर्यंत छातीतील हवा फुगून दुप्पट होते व फुप्फुस फाटण्याचा संभव असतो.

१९५० साली एका धनिकाने कॅलिप्सो नावाचे जुने जहाज वर्षास केवळ एक फ्रँक भाड्याने कुस्तो यांना वापरावयास दिले. या जहाजातून त्यांनी तांबडा समुद्र, हिंदी महासागर व इतर अनेक समुद्र पालथे घातले. १९५६ साली त्यांच्या सागरतळावरील चित्रपटास कान येथील सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळाले, व घरबसल्या लक्षावधी लोकांस समुद्राचे अंतरंग दिसले.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. याच चित्रपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळांमध्ये सुरुंग उडवून शेकडो मासे मारलेले दिसतात. जहाजाच्या पंख्याने एक देवमाशाचे पिल्लू जखमी झाले. त्याच्या रक्तावर शार्क जमले, तेव्हा खलाशांनी रागाच्या भरात त्या शार्कांची कत्तल केली. पाहण्याची शक्ती हाती आली होती, परंतु पाहुण्याने कसे वागावे याचे शिक्षण अद्याप व्हावयाचे होते. थोरांच्या चरित्रातील दोष झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. कारण या पुरुषाचे खरे मोठेपण त्याच्या पुढील वर्तनात आहे.

वर्षे लोटली तसतसे समुद्राचे होणारे नुकसान कुस्तो यांना दिसू लागले. १९६० साली अणुशक्तीचा घातक कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांनी उघडपणे विरोध केला, व तो बेत स्थगित झाला. १९७३ साली त्यांनी सागररक्षणासाठी संस्था स्थापिली. १९७९ साली धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात मृत्यू पावला. तो आघात सोसूनही वृद्ध पित्याने कार्य सोडले नाही. दक्षिण ध्रुवावरील भूमी खाणींसाठी खोदली जाऊ नये म्हणून त्यांनी देशोदेशी लोकमत जागृत केले, आणि १९९१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तेथील खाणकामास बंदी केली. १९९६ च्या जानेवारीत कॅलिप्सो जहाज सिंगापूरच्या बंदरात अपघाताने बुडाले. पुढील वर्षी, २५ जून १९९७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी कुस्तो यांनी इहलोकीची यात्रा संपविली. जन्मगावीच त्यांस चिरविश्रांती देण्यात आली.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मालवणचा काही सागरी भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे. तेथे तुम्ही कधी समूहाने पाण्याखाली उतराल, तेव्हा प्रवाळ हा दगड नसून जिवंत सूक्ष्म प्राण्यांनी वर्षानुवर्षे बांधलेले घर आहे, हे विसरू नका. त्यास हात लावू नका, पाय देऊ नका, आठवण म्हणून तुकडाही आणू नका. आणि ज्यांस तेथे जाणे घडणार नाही, त्यांनी खंत करू नये. पावसाळ्यात जखमी कासवे आपल्याच किनाऱ्यास लागतात. त्यांच्या शुश्रूषेसाठी डहाणूस केंद्र उभारण्यात आले आहे. जाळ्यात सापडलेले कासव वा देवमासा जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने २०१८ साली सुरू केली. पालकांनीही हे घरोघर सांगावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

कुस्तो यांना समुद्र दिसू लागला तो चष्म्यामुळे. समुद्राविषयी कर्तव्य दिसू लागण्यास मात्र निम्मे आयुष्य खर्चावे लागले. त्यांची चूक आपणांस आयती कळली आहे. तेव्हा आपले गढूळ पाणी पाहतानाही त्याच्या पोटात एक सजीव जग नांदत आहे, ही जाणीव आमच्या मुलांच्या मनात आजपासूनच राहो.