व्हिक्टर हारा : मंत्र्याचे नाव घेऊन गाणारा गायक

चिलीच्या लष्कराने ११ सप्टेंबर १९७३ रोजी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले, त्या दिवशी व्हिक्टर हारा गाण्यासाठीच घराबाहेर पडला होता. राजधानी सांतियागोच्या तंत्र विद्यापीठात फॅसिझमच्या धोक्याविषयीचे एक प्रदर्शन भरायचे होते आणि त्याच्या उद्घाटनाला त्याचे गायन ठरले होते. तो समारंभ झालाच नाही. संचारबंदीमुळे ती रात्र त्याने विद्यार्थी व प्राध्यापकांसह विद्यापीठातच काढली. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी शेकडो जणांबरोबर त्याला चिली स्टेडियममध्ये नेले.

व्हिक्टरचा जन्म १९३२ चा. बाप शेतमजूर आणि व्यसनी. आई अमांडा लग्नांत आणि मयताच्या घरी लोकगीते गात असे; गिटारची ओळख त्याला तिच्यामुळेच झाली. आईच्या मृत्यूनंतर तो पाद्री होण्यासाठी ख्रिस्ती मठात गेला, पण तेथे रमला नाही. सक्तीची लष्करी सेवा आटोपून तो नाट्यशिक्षणाकडे वळला आणि नामवंत दिग्दर्शक झाला. लोकगीतांच्या संशोधक व गायिका व्हिओलेता पार्रा यांची भेट झाली नसती, तर तो कदाचित रंगभूमीचाच राहिला असता. त्यांच्या प्रोत्साहनाने तो गाऊ लागला. ‘नवे चिलीयन गीत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचा तो पुढे प्रमुख आवाज ठरला.

त्याच्या गाण्यांत घोषणा कमी आणि माणसे जास्त. कारखान्यातल्या प्रियकराला भेटायला पावसातून धावत जाणाऱ्या तरुणीवरचे त्याचे गाणे आजही सर्वाधिक गायले जाते. त्यातल्या दोघांना त्याने आपल्या आईवडिलांची नावे दिली होती.

मात्र मार्च १९६९ मध्ये पुएर्तो मोंत येथे मोकळ्या जागेवर झोपड्या बांधून राहिलेल्या गरिबांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तान्ह्या मुलासह अनेक जण मारले गेले, तेव्हा त्याने गाण्यातून गृहमंत्री पेरेस सुखोविच यांना थेट नाव घेऊन जाब विचारला. सरकार हुकूमशहाचे नव्हते, निवडून आलेले होते. एका उच्चभ्रू शाळेत हे गाणे गायल्यावर त्याच्यावर दगडफेक झाली. पुढे १९७१ मध्ये एका अतिडाव्या गटाने सुखोविच यांची हत्या केली. गाण्याने मागितलेला जाब हा नव्हे, हे सांगायला हवे.

व्हिएतनामवर अमेरिकी बॉम्ब पडत असताना, त्याच १९७१ साली, त्याने शांततेत जगण्याच्या हक्काचे गीत रचले. त्यात हो चि मिन्ह यांना अभिवादन आहे. या युद्धविरोधी गीतासाठी त्याने ‘लोस ब्लोप्स’ या तरुण रॉक वाद्यवृंदाची इलेक्ट्रिक गिटार घेतली. हे वाद्य म्हणजे अमेरिकेची सांस्कृतिक घुसखोरी, असे मानणाऱ्या डाव्या वर्तुळात हे धाडसच होते. आयेंदे १९७० मध्ये सत्तेवर आले, तेव्हा तो त्यांचा उघड प्रचारक होता. सत्तेच्या बाजूने गाण्याचा प्रसंग त्याच्यावर प्रथमच आला. ती सत्ता तीन वर्षांत संपली.

स्टेडियममध्ये अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले आणि बाजूला काढले. मारहाणीत त्याचे हात चिरडले गेले. ते तोडल्याची सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र खरी नाही. तशा अवस्थेत त्याने शेवटची कविता लिहिली आणि सोबतच्या कैद्यांनी ती लपवून बाहेर पोचवली. काही दिवसांतच त्याला ठार करण्यात आले. अंगावर चाळीसहून अधिक गोळ्यांच्या खुणा होत्या.

शवागारात त्याची ओळख पटवली ती त्याची ब्रिटिश पत्नी, नर्तकी जोन हिने. मोजक्या सोबत्यांसह घाईने त्याचे दफन करून आणि त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या फिती घेऊन तिने मुलींसह देश सोडला. लष्कराने त्याची गाणी दडपली, पण ती परदेशातून वाजतच राहिली. स्टेडियमला २००३ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. उत्खननानंतर डिसेंबर २००९ मध्ये त्याला पुन्हा निरोप देण्यात आला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१९ च्या जनआंदोलनात सांतियागोच्या चौकांत शांततेचे तेच गीत घुमले.

न्यायालयाची वाट मात्र लांबली. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सात माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. जोनचे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, अमेरिकेत अनेक वर्षे राहिलेला आरोपी पेद्रो बारिएंतोस याला चिलीच्या स्वाधीन करण्यात आले.