शेवटच्या पावलाला हरलेला नायक

जे. आर. आर. टोल्कीन यांचा जन्म १८९२ साली आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले, बाराव्या वर्षी आईही गेली. १९१६ साली सोमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते. उवांमुळे येणाऱ्या खंदकज्वराने त्यांना मायदेशी परत आणले. तो ताप आला नसता तर कदाचित पुढचे काहीच लिहून झाले नसते. १९१८ पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला.

पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९५४-५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध झाले. त्यातील फ्रोडो हा बुटका, घरकोंबडा जीव. दुष्ट अंगठी अग्नीत टाकण्याचे ओझे त्याने नाखुषीनेच उचलले. वाचकहो, नवल पुढेच आहे. अग्नीच्या काठावर पोहोचल्यावर तो अंगठी टाकीत नाही, ती आपलीच म्हणतो! ज्या गॉलमला त्याने दया येऊन जिवंत सोडले होते, तोच त्याचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसह आगीत पडतो.

अशा फितुराला सन्मान कसला, देहदंडच हवा होता, असे एका वाचकाने संतापून कळवले. टोल्कीन यांचे मत निराळे होते. फ्रोडोची सारी शक्ती संपली होती, त्यापलीकडे कोणीच टिकला नसता. कार्य तडीस गेले ते पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे. खंदकात खचलेली माणसे ज्याने पाहिली, तोच असे लिहू जाणे.

टोल्कीन १९७३ साली निवर्तले. त्यांचा फ्रोडो घरी परतला खरा. पण गावाने त्याला फारसे विचारले नाही, आणि जुनी जखम दरवर्षी त्याच दिवशी ठणकत राहिली.