जमशेटजी जीजीभॉय

सर जमशेटजी जीजीभॉय (जन्म : १५ जुलै, १७८३, मृत्यू : १४ एप्रिल, १८५९) हे मुंबईतील पारशी व्यापारी व दानशूर गृहस्थ होते. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालय, सर ज. जी. रुग्णालय आणि पारशी मुलांसाठीची शिक्षणसंस्था ही त्यांच्या दातृत्वाची प्रमुख स्मारके होत.

जीवन व व्यापार

१७९९ साली आईवडिलांचे छत्र हरपल्यावर जमशेटजी मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयास आले. औपचारिक शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. १८०३ साली मामांची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्यापारानिमित्त त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली ते प्रवास करीत असलेले ब्रन्सविक हे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन हा शल्यचिकित्सक होता. पुढे जार्डीनच्या पेढीशी जमशेटजींचे दीर्घकाळ व्यापारी संबंध राहिले. कापूस आणि माळव्याची अफू या मालाच्या निर्यातीतून त्यांनी अफाट संपत्ती मिळवली.

शिक्षणासाठी देणग्या

१८४९ साली त्यांनी पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. गरीब पारशी मुलांना शिक्षण मिळावे, हा तिचा मुख्य हेतू होता. प्रासंगिक मदतीऐवजी कायम ठेव ठेवून तिच्या व्याजावर संस्था चालवावी, अशी ही योजना होती. त्यामुळे दात्याच्या पश्चातही शाळांचे काम चालू राहिले. दानकार्यात कुटुंबाचाही सहभाग होता. माहीम व वांद्रे यांना जोडणाऱ्या, १८४५ साली खुल्या झालेल्या रस्त्यासाठी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले.

कलाशाळा

स्थानिक कारागिरीची सुधारणा व्हावी, यासाठी १८५३ साली जमशेटजींनी कलाशाळेकरिता एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. १८६६ साली शाळेचे व्यवस्थापन सरकारकडे गेले, तर १८७८ साली तिला स्वतंत्र इमारत मिळाली. सजावटी चित्रकला, मूर्तिकला आणि लोखंडी नक्षीकाम यांच्या कार्यशाळा तेथे चालत. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. चित्रकार म. वि. धुरंधर व शिल्पकार गणपतराव म्हात्रे हे याच संस्थेचे विद्यार्थी होत. देणगीमागील कारागिरीचा हेतू मात्र कालांतराने मागे पडला आणि युरोपीय पद्धतीच्या चित्र-शिल्पकलेला प्राधान्य मिळाले.

सन्मान व मूल्यमापन

१८४२ साली त्यांना नाइट हा किताब आणि १८५७ साली बॅरोनेट हे वंशपरंपरागत पद मिळाले. हे दोन्ही सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. १८६० च्या कायद्यानुसार त्यांच्या पदाच्या वारसाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावयाचे असे.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना संपत्तीच्या उगमाचाही विचार करावा लागतो. चीनच्या बादशाही सरकारने बंदी घातली असतानाही अफू तेथे चोरट्या मार्गाने उतरवली जाई आणि तिच्या व्यसनाने असंख्य कुटुंबांची धूळधाण झाली. त्याच व्यापारात मिळालेल्या पैशाने मुंबईत शाळा, रुग्णालय आणि कलाशिक्षणाचा पाया घातला गेला. त्यामुळे त्यांचे दातृत्व आणि अफूचा व्यापार यांचा अभ्यास परस्परांपासून वेगळा करता येत नाही.