खोपोलीची वीज आणि जमशेटजी टाटा



वीज कुठून येते असं परवा चौथीत विचारलं, तर निम्म्या वर्गाने मुंबईहून येते असं सांगितलं. शाळा आपली खालापूर तालुक्यात, मैदानातून घाट उतरणारे जाड पाइप दिसतात, तरी! म्हणून यंदा जमशेटजी टाटांची गोष्ट पाइपांच्या निमित्ताने सांगितली. तुम्हालाही वापरता येईल.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेत नवसारीला. घर पारशी पुरोहितांचं, पण वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात शिरले आणि मुलालाही तिकडे बोलावून घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झालं. १८६८ मध्ये २१,००० रुपयांवर स्वतःची पेढी, पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी. १ जानेवारी १८७७ ला नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. हे भरभर सांगा, मुलांना यात गोडी नसते. एकच ठसवा, की त्या काळी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. लांबून भाडं भरून आणायचा, जाळायचा, आणि धूर गिरणगावाच्या नाकातोंडात.

इकडे लोणावळ्याच्या माथ्यावर चार महिने धो धो पाऊस. ते पाणी अडवून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली होती. जमशेटजींनी ती शेवटपर्यंत सोडली नाही.

दरम्यान १६ डिसेंबर १९०३ ला त्यांचं ताजमहाल हॉटेल उघडलं. विजेचे दिवे, पंखे, लिफ्ट. शहराला वीज पुरवणारी मोठी यंत्रणा अजून उभी राहायची होती, त्यामुळे हॉटेलने आपली वीज आपणच तयार केली. उंच इमारतीत वीज ही चैन नव्हेच, लिफ्ट बंद पडली की वरचे मजले असून नसल्यासारखे.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ ला, जमशेटजी जर्मनीत वारले. खोपोलीचं एकही चाक त्यांनी फिरताना पाहिलं नाही. वर्ग इथे गप्प होतो, होऊ द्या.

मुलगा दोराबजी आणि सहकाऱ्यांनी १९१० मध्ये कंपनी काढली. लोणावळा, वळवण, शिरवटा इथे पाणी साठवलं आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला गेली. पाणी पाइपातून सुमारे ५२५ मीटर खाली येतं. एक मजला साडेतीन मीटरचा धरला तर किती मजले? मुलांना करू द्या. दीडशे! एवढ्या उंचीवरून आलेला झोत चाकाच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरतं, पाणी पुढे पाताळगंगेला मिळतं. आपल्या कर्जतचं भिवपुरी केंद्र १९२२ चं. पण पाणी अडवताना कोणाची तरी जमीन बुडते हेही लपवू नका. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते.

खोपोलीची वीज परळपर्यंत, सुमारे ७० किलोमीटर, १ लाख व्होल्टवर नेली. व्होल्टेज जास्त ठेवलं की प्रवाह कमी लागतो, तार कमी तापते, वीज कमी वाया जाते. आजच्या टॉवरमध्येही हेच. हजारो व्होल्टची केबल आत येते, ट्रान्सफॉर्मर ती ४०० व्होल्टवर आणतो. इमारत फारच उंच असेल तर ट्रान्सफॉर्मर मधल्या मजल्यांवरही बसवतात, म्हणजे जाड केबल वरपर्यंत न्यावी लागत नाही. पुढे प्रत्येक मजल्याला एक फांदी, घरात २३० व्होल्ट.

यावर ठाकरवाडीच्या एका मुलीने विचारलं, की एवढ्या मोठ्या तारा आमच्या डोक्यावरून जातात, मग आमच्याकडे सारखी लाईट का जाते? मी सांगितलं, भिवपुरी रोडवरून एक्सप्रेस जाते पण थांबत नाही ना, तसं. त्या तारेवरून थेट घरात वीज घेता येत नाही, आधी उपकेंद्र लागतं, मग वाडीजवळ ट्रान्सफॉर्मर. तिचं समाधान झालं नाही. गाडी थांबत नसेल तर लोक थांबा मागतात, मग आपण का नाही मागायचा, असं तिचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीज कार्यालयाला पत्र लिहायचं वर्गाने ठरवलंय. मायना फळ्यावर लिहून झालाय, मजकूर सोमवारी मराठीच्या तासाला.